परिचारिकेची साक्ष

१८५३ सालच्या उन्हाळ्यात लंडन शहरी अप्पर हार्ली स्ट्रीटवर, हलाखीत आजारी पडलेल्या कुलीन स्त्रियांकरिता चालणाऱ्या एका लहानशा रुग्णालयाचा कारभार हाती घेण्यापूर्वी, तेहेतीस वर्षांच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने त्या संस्थेच्या व्यवस्थापक मंडळातील लेडी कॅनिंग या बाईंशी जो पत्रव्यवहार केला, त्यात सेवाधर्माचे तत्त्वज्ञान फारसे नाही. नळ, रहाट आणि घंटा यांच्याच गोष्टी आहेत. (याच लेडी कॅनिंग पुढे तीन वर्षांच्या आत गव्हर्नर-जनरलच्या पत्नी म्हणून कलकत्त्यास आल्या आणि बराकपूरच्या मातीतच त्यांना चिरविश्रांती लाभली.) प्रत्येक मजल्यावर गरम पाणी नळाने चढले पाहिजे, रोग्यांचे जेवण वर नेण्यासाठी रहाटावर चालणारा पाळणा बसविला पाहिजे, रोग्यांच्या सर्व घंटा त्या त्या मजल्यावरील परिचारिकेच्या दाराबाहेरच वाजल्या पाहिजेत, आणि घंटा वाजताच तिची झडप उघडून तशीच उघडी राहिली पाहिजे, म्हणजे बोलावणे कोणाचे होते हे बाहेर येणाऱ्या परिचारिकेस एका दृष्टिक्षेपात कळेल, अशा तिच्या मागण्या होत्या. या सोयी झाल्या नाहीत तर परिचारिका ही पायांची नुसती एक जोडी होऊन बसेल, असे तिने मंडळास बजावले होते.

दिव्याच्या कथेने या घंटेची कथा झाकून टाकली, याची मला नेहमी हळहळ वाटते. हाती दिवा घेऊन रात्री रोग्यांच्या रांगांतून फिरणारी ती करुणामूर्ती आमच्या शालेय पुस्तकांतून घरोघर पोहोचली. परंतु जिन्याच्या पायऱ्या मोजणारी, एका बोलावण्यामागे परिचारिकेच्या किती खेपा होतात याचा हिशेब मांडणारी, आणि त्या वाचलेल्या खेपांतून रोग्याच्या वाट्याला किती सेवा येईल हे ओळखणारी जी चिकित्सक स्त्री त्या मूर्तीच्या आत होती, तिचा परिचय फार थोड्यांना झाला. परिचारिकेच्या कार्यपरिस्थितीचे मोजमाप हा विषय अलीकडचा, परदेशी विद्यापीठांतून निघालेला, असे आपण समजतो. त्याचे बीज मात्र या झडपेच्या घंटेत आहे.

पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १८५४ रोजी, अडतीस परिचारिकांसह ती क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात रुजू झाली. त्या हिवाळ्याची हकीगत सर्वश्रुत आहे. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेले होते; मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे उपसून, पाणी शुद्ध करून आणि हवा खेळती करून जूनपर्यंत ते शेकडा २ च्या आसपास आणले. स्वदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने तिने या आकड्यांची जी चक्राकार चित्रे काढली, ती आजही संख्याशास्त्राचे विद्यार्थी अभ्यासतात. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने तिचे याहून महत्त्वाचे आणि कमी परिचित असे काम रुग्णालयांविषयीच्या तिच्या ग्रंथात आहे. त्यात तिने लंडनच्या पंधरा रुग्णालयांतील मेट्रन, सिस्टर आणि नर्स यांच्या मृत्यूंचे आकडे मांडून त्यांची तुलना शहरातील इतर स्त्रियांच्या मृत्यूंशी केली. आणि संसर्गजन्य रोगांनी मरणाऱ्यांचे प्रमाण परिचारिकांत अधिक आहे, असे दाखवून दिले. रुग्णालयाची इमारत चांगली की वाईट, हे तेथे नोकरी करणाऱ्या बाईच्या देहावरून ठरविता येते, हा विचार तिने येथे आकड्यांत मांडला.

तथापि या थोर स्त्रीच्या कार्याला एक दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढचा इतिहास नीट उलगडत नाही. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाने जी परिचर्याशाळा निघाली, त्या शाळेत प्रत्येक उमेदवार परिचारिकेचा दरमहा एक तक्ता भरला जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप व स्वच्छता, वॉर्डची व्यवस्था असे त्याचे रकाने असत. आणि मेट्रन त्यांत उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे किंवा शून्य असा शेरा मारी. त्या काळी परिचारिकेचा धंदा मद्यपी आणि निराधार बायकांचा म्हणून बदनाम होता, तेव्हा तिच्या चारित्र्याची हमी समाजास देण्यासाठी असा तक्ता आवश्यक ठरला असेल, हे मी मान्य करतो. पण त्याने एक दिशा पडून गेली. रुग्णालय परिचारिकेचे मोजमाप करणार आणि परिचारिका खाली मान घालून शेरा घेणार, ही रीत त्या तक्त्याबरोबर साऱ्या साम्राज्यात पसरली. रुग्णालय कसे आहे, हे परिचारिकेला विचारावे आणि तिने त्याला शेरा द्यावा, ही कल्पना रूढ होण्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

आपल्याकडे ही रीत मुंबई बंदरातून आली. नाइटिंगेल स्वतः हिंदुस्थानात कधीच आली नाही. पण येथील लष्करी छावण्यांच्या आरोग्याचे दप्तर तिने घरबसल्या चाळले होते, आणि येथील रुग्णालयांसाठी परिचर्येची एक योजना १८६५ साली तिने प्रसिद्धही केली होती. १८८८ साली लष्करी रुग्णालयांसाठी दहा प्रशिक्षित इंग्रज परिचारिका मुंबईस उतरल्या. १८९१ साली परिचर्येचे शिक्षण घेण्यास पुढे आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून परिचर्येच्या इतिहासात नोंदलेले आहे. या बाईंविषयी अधिक लिहावे असे फार वाटते. ज्या काळी परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे हेच स्त्रीच्या बदनामीला पुरेसे होते, त्या काळी त्यांनी कोणाची संमती घेतली असेल, कोणाचे शब्द सोसले असतील, या प्रश्नांपुढे मन थबकते. १९०८ साली मुंबईच्याच परिषदेत प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन करण्याचा ठराव झाला, आणि १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला.

परिचारिका किती आहेत आणि कशा राहतात, याचा देशव्यापी हिशेब मात्र प्रथम झाला तो सर जोसेफ भोर यांच्या समितीत. नाशिकास जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले आणि सनदी नोकरीत सर्वोच्च हुद्द्यांपर्यंत चढलेले हे गृहस्थ १९४३ ते १९४६ अशी तीन वर्षे देशाच्या आरोग्याची पाहणी करीत होते. त्यांच्या अहवालातील एक आकडा वाचताना आजही अंगावर काटा येतो: त्या वेळच्या हिंदुस्थानात दर ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर होता, आणि दर ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. जगात बहुतेक ठिकाणी परिचारिका डॉक्टरांहून संख्येने अधिक असतात. येथे त्या जवळजवळ सातपटींनी कमी होत्या. अतिश्रम, तुटपुंजा पगार, राहण्याची गैरसोय आणि समाजाने दिलेली हलकी वागणूक ही कारणे समितीने स्पष्ट शब्दांत नमूद केली. पुढे १९५४ साली खास परिचारिकांच्या नोकरीच्या अटींचा विचार करण्यासाठी मद्रासचे आरोग्यमंत्री शेट्टी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९८७ साली सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती आली. समित्यांनी तळमळीने काम केले, याविषयी मला शंका नाही. पण एकीच्या शिफारशी दुसरीने जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा कराव्यात, याचा अर्थ इतकाच होतो की पहिलीचा कागद दफ्तरी दाखल होऊन तेथेच राहिला.

या प्रश्नाला निराळी कलाटणी मिळाली ती अमेरिकेत, आणि तीही अगदी साध्या रीतीने. १९७० नंतरच्या दशकात त्या देशात परिचारिकांची चणचण भासू लागली होती. शाळेतून निघालेल्या मुली वर्ष-दोन वर्षांत रुग्णालय सोडीत, कित्येक तर पेशाच सोडीत; आणि त्या का सोडतात, यावर मार्लीन क्रेमर या विदुषीने १९७४ साली एक गाजलेले पुस्तक लिहिले होते. सोडण्याची कारणे शोधण्यात सारे गुंतले असताना तेथील परिचर्या अकादमीने प्रश्न उलटा केला: चणचणीच्या याच दिवसांत ज्या रुग्णालयांतून परिचारिका जात नाहीत, उलट जेथे नोकरीसाठी अर्ज येतच राहतात, अशी रुग्णालये कोणती, आणि तेथे काय आहे? अकादमीच्या सदस्यांनी १६५ रुग्णालयांची नावे सुचविली. त्यांतून ४१ निवडली गेली. मग तेथील परिचर्या-संचालकांना आणि वॉर्डात प्रत्यक्ष काम करणाऱ्या परिचारिकांना निरनिराळ्या बैठकांत बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले. वरिष्ठांसमोर कनिष्ठ बोलत नाहीत, हे ओळखून ही वेगवेगळ्या बैठकांची तजवीज केली होती. १९८३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि लोहचुंबक कण ओढून धरतो तशी परिचारिकांना धरून ठेवणारी म्हणून या रुग्णालयांना चुंबक रुग्णालये हे नाव पडले.

त्या बैठकांतून जे निघाले त्यात पगाराचा उल्लेख होता, पण तो पहिला नव्हता. आपल्या रोग्याविषयी आपला निर्णय चालतो. डॉक्टर आपले ऐकतो. वॉर्डची प्रमुख आपल्या पाठीशी उभी राहते. आणि परिचर्येच्या प्रमुखाला रुग्णालयाच्या कारभारात खरोखर मत असते, अशा गोष्टी परिचारिकांनी सांगितल्या. त्यांवरूनच क्रेमर आणि तिच्या सहकारी बाईंनी १९८९ साली ६५ विधानांची एक प्रश्नावली तयार केली, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आयलीन लेक हिने २००२ साली ती गाळून, तपासून ३१ विधानांवर आणली. प्रत्येक विधानापुढे परिचारिकेने पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंतच्या चारांपैकी एक खूण करायची. रोग्याविषयी सहकारिणींशी बोलायला वेळ मिळतो का. चूक झाली तर तिच्यावरून शिकविले जाते की झाडले जाते. डॉक्टरांशी मतभेद झाला तरी वॉर्डची प्रमुख आपली बाजू घेते का. रुग्णालयाचे धोरण ठरविताना आपल्याला विचारतात का. काम पुरे करण्याइतकी माणसे पाळीत असतात का: असे त्या विधानांचे स्वरूप आहे, आणि त्यांचे पाच गट पाडून प्रत्येकाची सरासरी निघते. अडीचच्या वर गेली तर परिस्थिती अनुकूल, खाली राहिली तर प्रतिकूल.

सेंट थॉमसचा तो मासिक तक्ता मी मुद्दाम सांगितला तो यासाठी. तेथे मेट्रनच्या हाती लेखणी होती आणि परिचारिकेच्या नावापुढे शेरा पडत होता. येथे लेखणी परिचारिकेच्या हाती आली आणि शेरा पडला तो रुग्णालयाच्या नावापुढे. शंकेखोर माणूस विचारील, की नोकरदाराने मालकाविषयी दिलेल्या मताला शास्त्रात किंमत ती काय? त्याचे उत्तर रोग्यांनी दिले आहे. लिंडा एकेन या संशोधिकेने १९९४ साली त्या मूळच्या चुंबक रुग्णालयांपैकी ३९ घेऊन, अनेक बाबतींत त्यांच्याशी जुळणाऱ्या १९५ इतर रुग्णालयांशी त्यांची तुलना केली, तेव्हा चुंबक रुग्णालयांत वृद्ध रोग्यांचे मृत्यू शेकडा ४.६ ने कमी आढळले. तिच्याच २००२ सालच्या संशोधनात पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालये, दहा हजारांहून अधिक परिचारिका आणि दोन लाख बत्तीस हजार शस्त्रक्रियांचे रोगी यांचा हिशेब आहे; आणि त्याचा निष्कर्ष असा, की परिचारिकेच्या वाट्याला सरासरीने एकेक रोगी जसा अधिक येतो, तसतशी शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता शेकडा सातने वाढत जाते. थकून बसायलाही वेळ नाही, ही जी तक्रार परिचारिका पिढ्यान् पिढ्या करीत आली आणि जी आपण तिची वैयक्तिक गाऱ्हाणी म्हणून कानाआड केली, ती तक्रार वस्तुतः रोग्याच्या जीविताविषयीची साक्ष होती.

त्या साक्षीवर कायदाही झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा करून २००४ पासून प्रत्येक पाळीत एका परिचारिकेकडे किती रोगी असावेत याची मर्यादा बांधली; साध्या वॉर्डात आधी सहा आणि पुढच्याच वर्षी पाच. ही मर्यादा पाळीगणिक आहे, रात्रीही आहे, आणि परिचारिका जेवायला गेली तरी आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

कारण आपल्याकडचे मोजमाप अजून खाटांपाशीच आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, आणि त्याखेरीज शेकडा तीस रजा-राखीव. प्रथमदर्शनी हा निकष कॅलिफोर्नियाहूनही उदार वाटतो. परंतु हे तिन्ही पाळ्यांचे मिळून मनुष्यबळ आहे. एका पाळीपुरते पाहिले तर तीन खाटांच्या नऊ होतात. आणि हे मंजूर पदांचे गणित झाले. मंजूर पदे भरलेली असतील, रजेवर गेलेल्यांची जागा घेणारे राखीव खरोखर असतील, आणि खाटेवरच रोगी असेल, खाटेखाली नसेल, इतक्या गोष्टी त्यात गृहीत धरलेल्या आहेत.

परदेशी प्रश्नावलीही आहे तशी उचलून चालणार नाही, हेही मला सांगितले पाहिजे. त्या एकतीस विधानांत कपडे बदलण्याच्या खोलीविषयी एकही विधान नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग ही तरुण परिचारिका तळघरात कपडे बदलत असताना तेथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष हल्ला केला, आणि १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे, ती त्याच रुग्णालयात अचेतनप्राय पडून राहिली. त्या घटनेनंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला, आणि त्यांच्या मागण्यांत तिच्या उपचारांबरोबर स्वतःच्या कामाच्या परिस्थितीचाही समावेश होता. तिला ओळखणाऱ्या परिचारिका सेवानिवृत्त झाल्या, तिला पूर्वी कधी न पाहिलेल्या मुली त्यांच्या जागी आल्या, आणि त्या साऱ्यांनी तिला आळीपाळीने भरविले, पुसले, कुशीवर वळविले, आणि तिच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिले नाही. तळघर नव्हे अशी, आतून कडी असलेली एक खोली: मराठी परिचारिकेने स्वतः प्रश्नावली लिहिली तर हे विधान तिच्या पहिल्या पानावर येईल, असे मला वाटते. रात्रपाळी संपवून घरी जायला वाहन आहे का, रोग्याच्या नातलगांची गर्दी अंगावर आली तर मध्ये उभे राहायला कोणी आहे का, हीही तेथे येतील.

काही वर्षांपूर्वी वडिलांच्या आजारपणात एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या पुरुष-वॉर्डात मी अकरा रात्री त्यांच्या उशाशी काढल्या. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि एक मावशी असत. वॉर्डच्या या टोकाला औषधांचे कपाट आणि त्या टोकाला पाण्याचा नळ, अशी रचना होती. आणि घंटा तर नव्हतीच, तिच्या जागी नातलगांचे ‘सिस्टर!’ असे हाकारे होते, ज्यांतून कोण बोलावते हे ओळखायला सिस्टरला प्रत्येक वेळी साऱ्या रांगेतून चालत यावे लागे. एके रात्री वडिलांची सलाईन संपून गेली आणि नळीत रक्त चढू लागले, तेव्हा मी संतापून टेबलाकडे गेलो. तेथे कोणी नव्हते. धाकट्या सिस्टर जमिनीवर, दोन खाटांमधल्या गादीवरच्या रोग्याशेजारी गुडघे टेकून, मोबाईलच्या उजेडात त्याची शीर शोधत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “काका, चावी बंद करा आणि तसंच थांबा, मी आलेच.” त्या आल्या, नळी मोकळी करून नवी बाटली लावली, आणि जाताना, वडिलांच्या पायावरची सरकलेली चादर नीट करून गेल्या.

सकाळी ओव्हर देण्याची वेळ झाली. दिवसपाळीच्या सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या, आणि रात्रीच्या थोरल्या सिस्टरनी रजिस्टर उघडले. छापील रकान्यात खाटांचा आकडा होता, ४०. त्यांनी त्याच्या पुढे, रकान्याची रेघ ओलांडून, समासात बॉलपेनने लिहिले: + १७. मग तेवढ्या आकड्याखाली दोन रेघा ओढून त्यांनी पान फिरवले, आणि येणाऱ्या सिस्टरनी तेथे सही केली.